शोरूमचं मागचं दार



माझा धंदा गाड्या धुण्याचा. हल्ली त्याला डिटेलिंग म्हणतात. नाव बदललं तसे दरही बदलले, पण माझ्या आईला कुणी विचारलं तर ती अजून सांगते, "पोरगं गाड्या धुतंय." कोल्हापुरात उद्यमनगरात एक रॅम्प, एक प्रेशर पंप आणि दोन पोरं, एवढ्यावर मी सुरुवात केली. आज आम्ही सहा जण आहोत.

धुण्यात वरची धूळ आणि चिखल जातो. डिटेलिंगमध्ये रंगात रुतलेली घाण काढायची, मशिननं रबिंग करून ओरखडे कमी करायचे, सीट, छत, गालिचे आतून साफ करायचे आणि शेवटी रंगावर वॅक्स, टेफ्लॉन नाहीतर सिरॅमिकचा थर द्यायचा. एका गाडीला अर्धा दिवस ते दोन दिवस सहज जातात.

यात अडचण अशी की घरगुती गिऱ्हाईक वर्षातून एकदा-दोनदा येतं. दसऱ्याच्या आधी रॅम्पवर रांग, आणि आपल्याकडचा पाऊस एकदा लागला की पोरं मोबाईल बघत बसतात. पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. म्हणून ज्याला आठवड्याला चार गाड्या तयार करून लागतातच, असं गिऱ्हाईक शोधायचं मी ठरवलं. ते गिऱ्हाईक म्हणजे गाड्यांचा डीलर. तो मला कसा मिळाला आणि मिळाल्यावर टिकला कसा, ते आज सांगणार आहे.

इस्त्रीचा शर्ट घातला, रंगीत कॅटलॉग छापून घेतला आणि चार शोरूम पालथी घातली. काचेचं दार उघडलं की गार वारं लागायचं. रिसेप्शनवरची ताई उठून विचारायची, "कुठली गाडी बघायची, सर?" मी म्हणायचो, गाडी घ्यायची नाही, पॉलिशचं काम करतो. ती परत खाली बसायची. "कार्ड ठेवून जा, साहेबांना सांगते." माझी किती कार्डं त्या टेबलांवर चहाच्या कपाखाली गेली असतील, देव जाणे.

पाचवं शोरूम महामार्गाच्या कडेला होतं. साहेब मीटिंगमध्ये. ऊन फार म्हणून मी मागच्या बाजूला, गाड्यांच्या यार्डाच्या गेटजवळ झाडाखाली उभा राहिलो. तिथल्या वॉचमनमामांनी हटकलं, "काय काम काढलंय पाव्हणं?" मी सांगितलं. मामा म्हणाले, "मग हे बघा की. ह्या पांढऱ्या गाड्यांस्नी काय रोग झालाय?"

बघितलं तर कोऱ्या गाड्यांच्या बॉनेटवर आणि छतावर नारिंगी ठिपके. मोहरीच्या दाण्याहून लहान, पण शेकड्यानं. यार्डातल्या पोरांनी फडक्यानं घासून बघितलं होतं. ठिपके तसेच होते, वर ओरखडे मात्र पडले होते. एका गिऱ्हाइकानं डिलिव्हरी नाकारली होती आणि बॉनेट पुन्हा रंगवायचं घाटत होतं.

आपल्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्या तुम्हाला माहीतच आहेत. ग्राइंडिंगमधून लोखंडाचा बारीक कीस उडतो, वाऱ्यानं पसरतो, उघड्यावरच्या गाडीवर बसतो. तो रंगात रुतला की दवानं आणि पावसानं गंजतो. ते नारिंगी ठिपके म्हणजे गंज. रंग खालून शाबूत असतो. यावर आयर्न रिमूव्हर नावाचं औषध मिळतं. फवारलं की लोखंडाशी त्याची क्रिया होऊन जांभळे ओघळ सुटतात, मग पाण्यानं धुवायचं. उरलेले कण क्ले, म्हणजे चिकणमातीसारखी एक वडी असते, तिनं ओल्या पृष्ठभागावरून अलगद उचलायचे.

सगळं सामान माझ्या गाडीच्या डिकीत होतं. मामांनी यार्ड बघणाऱ्या पोराला बोलावलं, त्यानं वर फोन केला. मी बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावली आणि डावीकडची निम्मी बाजू साफ केली. पाऊण तास लागला. सेल्स मॅनेजर खाली आले, टेपच्या या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं आणि विचारलं, "उरलेली बाजू कधी करताय?" पहिल्या दिवशी अकरा गाड्या मिळाल्या. माझ्या रंगीत कॅटलॉगमध्ये हे काम छापलेलंच नव्हतं.

तेव्हापासून मी डीलरकडे जाताना आधी यार्ड बघतो. झाडाखाली उभ्या गाड्यांवर पक्ष्यांची विष्ठा पडून रंगात डाग बसलेत का? बोअरच्या जड पाण्यानं धुऊन उन्हात वाळवल्यानं काचांवर पांढरी वर्तुळं उठलीत का? ऊस गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या धुराड्यातली राख पडते, ती कुणी कोरड्या फडक्यानं पुसतंय का? कोरडं पुसलं की जाळीसारखे ओरखडे पडलेच म्हणून समजा. हे बघून आत गेलं की बोलायला विषय लागतो, आणि तो विषय त्याचा असतो.

आता डीलर नेमकं काय विकत घेतो, ते बघू. सुरुवातीला मला वाटायचं, चकाकी. घरगुती गिऱ्हाईक चकाकीच घेतं, गाडीत तोंड दिसलं की खूश होतं. डीलरचं मन वेगळ्या हिशोबात असतं. त्याच्या यार्डातल्या गाड्या बहुतेक वेळा कर्जाच्या पैशावर उभ्या असतात. धरून चला, दहा लाखांची गाडी आणि नऊ टक्के व्याज. वर्षाचे नव्वद हजार, म्हणजे दिवसाला जवळपास अडीचशे रुपये. अशा वीस गाड्या उभ्या असतील तर रोज सकाळी शटर उघडायच्या आधी पाच हजार गेले. डीलरांची देशपातळीवरची संघटना, फाडा, म्हणते की साठा एकवीस दिवसांचा असावा. २०२४ च्या सप्टेंबरात याच संघटनेच्या हिशोबानं देशभर मोटारींचा साठा ८० ते ८५ दिवसांवर गेला होता. त्या माणसासमोर तुम्ही सिरॅमिकच्या थराची जाडी सांगत बसलात तर तो घड्याळाकडे बघणारच. त्याला सांगायचं, "साहेब, सोमवारी आत घेतलेली जुनी गाडी बुधवारी विक्रीला उभी करून देतो." एवढं एक वाक्य त्याला लगेच कळतं.

दुसरी गोष्ट. बाहेरून शोरूम एक दिसतं, आत तीन दुकानं असतात. नव्या गाड्यांच्या डिलिव्हरीचं एक. तिथं रबिंग मशिन बाहेरच काढायचं नाही. कारखान्यातून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, त्यात वरचा पारदर्शक थर ४०-५०. रबिंग दर वेळी त्यातलं थोडं खातं. नव्या गाडीला धुणं, डाग काढणं आणि वेळ पाळणं, एवढंच काम.

दुसरं दुकान बॉडीशॉपचं. अपघाताची गाडी रंगवून झाली की बफिंगच्या खुणा राहतात, आत पुट्टीची धूळ बसते. ती गाडी मालकाला परत देताना नवी वाटली पाहिजे. इथं बॉडीशॉप मॅनेजर आपला माणूस. सेल्सवाल्याला हे काम सांगून उपयोग नाही.

तिसरं दुकान जुन्या गाड्यांचं. खरी कमाई इथं आहे. आपल्या देशात आता नव्यापेक्षा जुन्या गाड्या जास्त विकल्या जातात, आणि जुनी गाडी घेणारा माणूस आधी दार उघडून वास घेतो. आमच्या भागात एक खास काम असतं, गुलाल. जोतिबाला जाऊन आलेली गाडी असो की निवडणुकीत मिरवलेली, सीटच्या शिवणीत आणि एसीच्या जाळीत गुलाल वर्षानुवर्षं राहतो. तो आधी कोरडाच व्हॅक्यूमनं ओढायचा. पाणी लागलं की सीट गुलाबी झाली.

दराचं सांगतो. घरगुती गिऱ्हाइकाला ज्या कामाचे मी चार हजार घेतो, त्याला डीलर दोन हजार म्हणतो. ऐकून राग येतो. पण वहीत मांडून बघितलं तर गाडी आणणं-पोचवणं, गिऱ्हाइकाची वाट बघणं, मोकळे बसलेले दिवस, यातच निम्मे पैसे जात होते. डीलरच्या जागेवर जाऊन एका दिवसात चार गाड्या केल्या तर दोन हजारांतही उरतात. एकेक गाडी सुटी बोलावली तर उरत नाहीत. म्हणून कमी दर मान्य करताना एकच अट घालायची, "चार गाड्या एकदम, तुमच्या यार्डात, पाणी आणि वीज तुमची." डीलरलाही हे सोयीचं पडतं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांना नवे नियम लागू झाले. ताब्यातली गाडी रस्त्यावर काढली तर फेरीची नोंद ठेवावी लागते. तुम्ही त्याच्या दारात गेलात की ती कटकटही वाचते.

भेटायला कधी जायचं? महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, तिथं टार्गेटची झोंबाझोंबी चालू असते. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, धनत्रयोदशी यांच्या आधीही नको. पितृपक्षात जा. नवी गाडी घ्यायला त्या पंधरवड्यात फारसं कुणी येत नाही. मॅनेजर निवांत असतो, चहा पाजतो, आणि त्याच्या डोक्यात दसऱ्याच्या डिलिव्हऱ्यांची काळजी असते. बोलणी त्याच दिवसांत पक्की होतात.

आता उधारीचं. काम मिळवणं सोपं, पैसे मिळवणं अवघड, हे धंदेवाल्या श्रोत्यांना मी काय सांगू? पण कायदा आपल्या बाजूला आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, चक्रवाढ व्याज. २०२३ च्या अर्थसंकल्पात आयकराची गाठही मारली. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल या मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च डीलरला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. कुणाला धमकावायची गरज पडत नाही. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा. मार्चमध्ये डीलरचा अकाउंटंट स्वतः फोन करतो.

आणि एक पथ्य. एकट्या डीलरवर सगळा रॅम्प चालवायचा नाही. मी निम्मं काम डीलरांचं आणि निम्मं घरगुती ठेवतो. का, ते एका गाडीवरून सांगतो.

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. पंचगंगा घरादारात शिरली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या त्या वेगळ्याच. पुढं काही महिन्यांनी त्यातल्या काही गाड्या जुन्या बाजारात दिसायला लागल्या. एका डीलरनं अशीच एक गाडी पाठवली. "वास तेवढा घालव," म्हणाला. गालिचा उचलला तर खाली नदीचा गाळ. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर त्यावर चिखलाची रेघ. सीटच्या पट्टीचे बोल्ट गंजलेले. अशा गाडीचं वायरिंग आतून सडत जातं. एअरबॅग ऐनवेळी उघडेल, याचा भरवसा देता येत नाही.

मी प्रत्येक गाडीबरोबर एक कार्ड देतो. गाडीचा नंबर, तारीख, काय काम केलं, प्रत्येक पत्र्यावर रंगाची जाडी किती भरली आणि साफ करताना काय आढळलं. मी म्हणालो, "वास घालवतो, पण पाणी शिरलंय हे कार्डावर लिहिणार." त्यावर तो म्हणाला, "तुझं काम धुवायचं. धू आणि गप बस." मी किल्ली परत दिली. तो डीलर गेला, त्याच्याकडची उधारी वसूल व्हायला पुढं वर्ष लागलं. त्या वर्षी घरगुती गिऱ्हाइकांचं निम्मं काम नसतं, तर मी ती किल्ली परत दिली असती का? खरं सांगतो, मला खात्री नाही.

बाकीच्या डीलरांनी कार्डाला सुरुवातीला नाकं मुरडली. मग त्यातला एक जण कार्डाची प्रत गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायला लागला. घेणारा माणूस ते काढून वाचतो, दुरुस्त केलेला पत्रा कुठला ते त्याला आधीच कळतं, आणि घासाघीस लवकर संपते. म्हणजे पुन्हा दिवसच वाचले.

ते वॉचमनमामा आता रिटायर झालेत. परवा त्यांचा फोन आला होता. थोरल्या पोराला जुनी गाडी घ्यायची होती. म्हणाले, "तुमचं ते कारड असलेली एखादी बघा की."