पाण्यातली वाट

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला पावसाळ्यावर चार शब्द बोलायला सांगितले. पावसाच्या शोभेवर बोलणाऱ्या पुष्कळ आहेत. मी एवढेच बोलणार, की अंधेरीत पाणी भरले आणि घरातले माणूस बाहेर काढायची वेळ आली, तर ते कोणत्या वाटेने काढायचे.

२६ जुलै २००५ कोणी विसरलेले नाही. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला अवघा ७३. गाड्या बंद पडल्या. माणसे रुळांवरून आणि हायवेवरून रात्रभर चालत घरी आली. काहीजण मोटारीची दारे उघडली नाहीत म्हणून आतच गुदमरून गेले. आपण घाबरलो की पाय नेहमीच्या रस्त्याकडे वळतात, आणि पाणी तर सखल रस्त्यावर आधी येते.

आपल्या अंधेरीचे रुळांनी दोन भाग केले आहेत. पूर्वेकडून पश्चिमेला जायचे तर रुळांखालून जा, नाही तर वरून. खालचा सबवे मोठ्या पावसात भरतो आणि पोलीस तो बंद करतात, हे दरवर्षीचेच. राहिले पूल. आपल्याजवळचा गोखले पूल. उत्तरेला जोगेश्वरीचा ठाकरे पूल आणि दक्षिणेला पार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल. गोखले पुलाची कथा तर तुम्ही सर्वांनी भोगली आहे. ३ जुलै २०१८ ला त्याचा पायी चालायचा भाग रुळांवर कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल साफ बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू उघडली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जमेना! चोळी शिवताना बाही अशी चुकली असती तर सासूबाईंनी घरात घेतले नसते. जुलै २०२४ मध्ये तो जोड झाला आणि मे २०२५ मध्ये पूल पुरता सुरू झाला. पण मधल्या काळात एवढे कळले, की एक वाट गेली तर दुसरी आधीच ठाऊक हवी.

कोणाला काही झाले की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो, "कूपरला न्या." कूपर चांगलेच, पण ते रुळांच्या पलीकडे. पाणी भरलेले असताना पूर्वेकडच्या माणसाने पूर्वेकडेच पाहावे. जोगेश्वरी पूर्वेला हायवेवर महापालिकेचे ट्रॉमा रुग्णालय आहे; तिथे जायला रूळ ओलांडावे लागत नाहीत. १०८ ला फोन केलात तर आपण रुळांच्या कोणत्या बाजूला आहोत ते आधी सांगा. पालिकेच्या आपत्ती कक्षाचा नंबर १९१६. तो स्वयंपाकघरात भिंतीवर लिहून ठेवावा.

आता आपल्या गल्लीचे बोलते, आणि हे कोणाला टोचले तरी बोलते. मोठे रस्ते सरकार पाहील. शेवटची दोनशे पावले आपली आहेत. दोन्ही बाजूंना मोटारी आणि स्कूटरी लावलेल्या असतात. मधून हातगाडी जाते, बंब जाणार नाही. पुरुषमंडळी म्हणतात, गाडी ठेवायची कुठे? प्रश्न खरा आहे. निदान एक बाजू मोकळी ठेवा, एवढेच मागणे आहे. दुसरे, मागचे फाटक. चोरी झाल्यापासून त्याला कुलूप असते आणि किल्ली रखवालदाराकडे. पुढच्या फाटकाशी पाणी तुंबते तेव्हा मागचीच बाजू उंचावर असते, आणि रखवालदार स्वतः कुठेतरी पावसात अडकलेला असतो! दुसरी किल्ली तळमजल्यावरच्या घरात असलीच पाहिजे.

अंथरुणावरच्या माणसाला जिन्यातून हातांवर नेता येत नाही. वळणावर तोल जातो. मजबूत लाकडी खुर्चीत बसवून, लुगड्याने सैलसर बांधून, एकाने पाठ आणि दोघांनी पुढचे पाय धरले तर नेता येते. पाण्यात पुढच्याने काठीने जमीन चाचपावी. गटाराचे झाकण उघडे असले तर वरून दिसत नाही.

येत्या रविवारी चार वाजता आपण मागच्या फाटकापासून हायवेपर्यंत पायी जाऊन कुठे उतार आहे आणि कुठे चढ, ते पाहणार आहोत. चहा माझ्याकडे. ज्यांच्या घरी न चालणारे माणूस आहे, त्यांनी मजला आणि खोलीचा नंबर आजच माझ्या वहीत लिहून जावे.