जपानमधली १९२८ ची निवडणूक



२० फेब्रुवारी १९२८. या दिवशी जपानच्या संसदेची निवडणूक झाली आणि कर न भरणाऱ्या गरीब माणसानं तिथे सार्वत्रिक निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं. १८९० सालच्या पहिल्या निवडणुकीत मताचा हक्क होता तो वर्षाला १५ येन कर भरणाऱ्या पुरुषांनाच. ही अट पुढे १० येनांवर आली, १९१९ साली ३ येनांवर. ती काढूनच टाका, म्हणून लोक रस्त्यावर उतरत राहिले. अखेर १९२५ साली पंतप्रधान काटो ताकाआकी यांच्या सरकारनं कायदा केला आणि २५ वर्षांवरच्या पुरुषांना मत मिळालं. मतदार सुमारे ३३ लाखांचे १ कोटी २४ लाख झाले. स्त्रियांना मात्र आणखी वीस वर्षं थांबावं लागलं. मदतीवर जगणाऱ्या निराधारांनाही वगळलं होतं.

जपानी मतदार चिन्हावर शिक्का मारत नाही. कोऱ्या मतपत्रिकेवर तो उमेदवाराचं नाव स्वतःच्या हातानं लिहितो. त्या दिवशी शेतमजूर, गिरणी कामगार, हमाल, सगळे असेच लिहून आले. अंध मतदारांना ब्रेलमध्ये लिहिण्याची मुभा होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुलांना सक्तीनं शाळेत घालण्याचं जे काम तिथे आधीची पन्नास वर्षं चाललं होतं, त्याचं फळ या चिठ्ठ्यांत दिसलं.

सरकारला मात्र या मतदाराची धास्ती होती. उमेदवाराला २००० येन अनामत भरावी लागे. कामगाराला वर्षभर राबूनही एवढी रक्कम जमली नसती. घरोघर जाऊन मत मागायला बंदी होती. शिवाय मताधिकार देणाऱ्या त्याच संसदेनं, त्याच १९२५ साली, राज्यव्यवस्था किंवा खासगी मालमत्ता यांच्याविरुद्ध संघटना बांधणाऱ्यांना तुरुंगात धाडणारा कायदाही मंजूर केला होता.

निवडणुकीच्या वेळी पंतप्रधान होते जनरल तानाका गिइची. त्यांचे गृहमंत्री सुझुकी किसाबुरो यांनी पोलिसांना विरोधकांच्या मागे लावलं. संसदेला केंद्रस्थानी मानणारं राजकारण आपल्या राष्ट्राच्या परंपरेत बसत नाही, असं निवेदन त्यांनी मतदानाच्या आदल्या दिवशी काढलं. निवडणूक घेणाऱ्या मंत्र्यानंच असं म्हणावं, याचा मला आजही संताप येतो. एवढं करूनही ४६६ जागांच्या सभागृहात सत्ताधारी सेइयुकाई पक्षाला बहुमत मिळालं नाही. विरोधी मिन्सेइतो अगदी बरोबरीला आला. मे महिन्यात सुझुकींना पद सोडावं लागलं.

कष्टकऱ्यांच्या पक्षांचे आठ जण निवडून आले. त्यांतले एक क्योतो जिल्ह्यातले यामामोतो सेन्जी. ते जीवशास्त्रज्ञ. कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरात संततिनियमनाचं ज्ञान पोहोचवण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं व्याख्यानं दिली होती. मतदानाला महिना होतो न होतो तोच, १५ मार्चला, देशभर साम्यवाद्यांची धरपकड झाली. पाठोपाठ सरकारनं वटहुकूम काढून त्या १९२५ च्या कायद्यात फाशीची शिक्षा घातली. ५ मार्च १९२९ रोजी हा वटहुकूम संमतीसाठी सभागृहापुढे आला. यामामोतोंनी विरोधाचं भाषण तयार केलं होतं. चर्चा आटोपती घेण्यात आली, त्यांना बोलूच दिलं नाही आणि ठराव मंजूर झाला. त्याच रात्री तोक्योतल्या एका खाणावळवजा निवासात एका उजव्या गटाच्या माणसानं त्यांना भोसकून ठार केलं.