डोकी किती, मतं किती?

(धावडा, ता. भोकरदन येथील सभेत एका गिरणी कामगाराने केलेले भाषण)



मी गिरणीत पाळीनं राबणारा माणूस. शिक्षण चौथीपर्यंत. पण युनियनमध्ये एक हिशेब पक्का शिकलो. फाटकातून माणसं किती आत गेली हा एक आकडा, अन् मस्टरवर नावं किती हा दुसरा. पगार निघतो तो मस्टरवर. राज्यकारभारातही असेच दोन आकडे आहेत. एक जनगणनेचा, दुसरा मतदार यादीचा.

आपल्या जालना जिल्ह्याला आमदार पाच, रत्नागिरीलाही पाच. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या 16,96,777 होती, जालन्याची 16,12,980. त्याच आकड्यांवर 2008 साली मतदारसंघ आखले गेले. पुढं 2011 ला जालना 19,59,046 वर चढला आणि रत्नागिरी 16,15,069 वर उतरली! आमदार मात्र दोन्हीकडे पाचच.

मग जालन्यात मतदारही साडेतीन लाखांनी जादा का? नाही, मंडळी! डोकी मोजताना पाळण्यातलं लेकरू अन् साठीचा म्हातारा सारखाच. मत मात्र 18 वर्षं पुरी झालेल्यालाच; 1989 पूर्वी तर 21 लागत. 2011 ला राज्यात शंभरात सुमारे 12 लेकरं सहा वर्षांपर्यंतची होती. जालन्यात हे प्रमाण त्याहून जास्त, रत्नागिरीत कमी. शिवाय कोकणातला कर्ता गडी पोटासाठी बाहेर. रत्नागिरीत हजार पुरुषांमागं 1,122 बाया, तर मुंबई शहरात 832. जिकडं काम तिकडं वयात आलेली माणसं! म्हणून दोन जिल्ह्यांची डोकी सारखी असली तरी मतं सारखी नसतात.

आता आपल्या दारची गोष्ट ऐका. दिवाळी झाली की जालना-बीडकडचे कोयते उसाला निघतात. 2024 साली विधानसभेचं मतदान झालं 20 नोव्हेंबरला, दिवाळी उलटल्यावर. नाव गावच्या यादीत, अन् माणूस कारखान्याच्या फडात! जनगणनेत याच्या उलट. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी, ऐन हंगामात झाली. त्या सबंध मुदतीत जो घरी नव्हता, तो जिथं सापडला तिथं मोजायचा, असा नियम. म्हणजे डोकं एका जिल्ह्यात अन् मत दुसऱ्या! आणि मतदारसंघ आखतात ते डोक्यांवर. घाम गाळणाऱ्याचा दोन्हीकडून तोटा!

तेव्हा आपण काय करायचं? पहिलं, वयात आलेल्या प्रत्येक पोरा-पोरीचं, अन् लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव यादीत घाला. 2022 पासून वर्षाला चार तारखा धरतात: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. नव्या नावाला नमुना 6, पत्ता बदलला तर नमुना 8. दुसरं, काही महिने बाहेर गेला म्हणून कुणी नाव कापू म्हटलं, तर ठणकावून सांगा! 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 20 वं कलम सांगतं, तात्पुरतं गाव सोडल्यानं रहिवास जात नाही. तिसरं, हंगामी कामगाराची मोजणी अन् त्याचं मतदान गावी होईल अशी व्यवस्था करा, ही मागणी गावोगावच्या सभांतून उठली पाहिजे.

मस्टरवर नाव नसलं तर दिवसभर राबूनही हात रिकामेच. यादीचंही तसंच आहे. उद्या सकाळी पहिलं काम, आपल्या घरातली नावं मोजा!

जय महाराष्ट्र!