कोणते महाविद्यालय श्रेष्ठ? : महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाचा तौलनिक विचार
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, हा आपणा सर्वांच्या पुण्योदयाचा क्षण आहे. या मंगलप्रसंगी 'महाराष्ट्रातील नामवंत महाविद्यालये व विद्यापीठे' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांनी आज्ञा केली. मी शिक्षणतज्ज्ञ नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन गादीवर बसलेला कापडाचा व्यापारी आहे. तथापि दरवर्षी बारावीचा निकाल लागला की समाजातील पालक दुकानात येतात आणि एकच प्रश्न विचारतात, "शेठजी, सर्वांत चांगले कॉलेज कोणते?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आपल्याच दर्शनाकडे वळावे लागते. अनेकान्तवाद सांगतो की, कोणतेही विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे हे पाहावे. 'सर्वश्रेष्ठ महाविद्यालय' हे शब्दही अपेक्षेवाचून उच्चारले तर एकान्ती ठरतात. कोणत्या विषयासाठी? कोणत्या विद्यार्थ्यासाठी? किती खर्चात? हे तीन प्रश्न जोडले म्हणजेच तुलनेला अर्थ येतो.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. विद्यापीठ वेगळे आणि महाविद्यालय वेगळे. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, आपले नागपूर विद्यापीठ १९२३ चे, पुणे विद्यापीठ १९४९ चे. या प्रत्येकाच्या छत्राखाली शेकडो महाविद्यालये आहेत. पदवीपत्रावर नाव एकाच विद्यापीठाचे असले, तरी एका महाविद्यालयात भरलेली प्रयोगशाळा असते आणि दुसऱ्यात कुलूप लावलेली. केंद्र शासनाची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते. तीत विद्यापीठांच्या गुणांमध्ये संशोधनाचा वाटा मोठा असतो. पहिल्या वर्षाच्या वर्गात प्राध्यापक नियमित येतात की नाही, हे त्या आकड्यावरून उमगत नाही. आम्ही कापडवाले गासडीवरचा छाप पाहून माल घेत नाही. तागा उलगडतो, बोटांत धरून पोत पाहतो, मग भाव ठरवतो. महाविद्यालयाचेही तसेच करावे.

आता आपल्या गावापासून आरंभ करू. वरठी लहान असली तरी आपल्या भंडारा रोड स्थानकावर थांबणारी महाराष्ट्र एक्सप्रेस ही जणू राज्याच्या उच्च शिक्षणाची अनुक्रमणिका आहे. ती नागपूरला जाते. पुढे वर्धा लागते, जेथून जवळच सेवाग्रामचे १९६९ चे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आहे. बडनेऱ्याला अमरावतीचे १९८३ चे विद्यापीठ, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, जळगावला बहिणाबाई चौधरींच्या नावाचे विद्यापीठ, पुढे पुणे, सातारा, सांगली आणि अखेरीस कोल्हापूरचे १९६२ चे शिवाजी विद्यापीठ. मुंबईसाठी विदर्भ एक्सप्रेस आहेच. गाडी दाराशी आहे; प्रश्न उतरायचे कोठे, एवढाच.

अभियांत्रिकीचा विचार करू. आपल्या गावात पोलादाचा कारखाना आहे, म्हणून धातुशास्त्राचे उदाहरण घेतो. हा विषय शिकावयाचा असेल तर मुंबईची आयआयटी (१९५८), पुण्याचे १८५४ चे अभियांत्रिकी महाविद्यालय, जे २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ झाले, आणि नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था (१९६०) ही तिन्ही उत्तम ठिकाणे आहेत. त्यांतील तिसरे येथून साठेक किलोमीटरवर आहे. रसायन तंत्रज्ञानात मुंबईच्या माटुंग्याची १९३३ ची संस्था अग्रगण्य. परंतु नागपूरची लक्ष्मीनारायण संस्थाही १९४२ पासून नावारूपाला आली आणि २०२३ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आमच्या वस्त्रव्यवसायाचे शिक्षण घ्यावयाचे तर मुंबईत व्हीजेटीआय आहे, तशीच इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या गावीही नावाजलेली संस्था आहे. म्हणजे विषय बदलला की श्रेष्ठतेचे गावही बदलते.

वैद्यकीय शिक्षणात नागपूरचे शासकीय महाविद्यालय (१९४७), मेयो, मुंबईचे ग्रँट (१८४५) व केईएम रुग्णालयाशी जोडलेले सेठ जी. एस. (१९२६), पुण्याचे बी. जे. (१९४६) ही सारी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. अंतिम परीक्षा एकाच विद्यापीठाची. मग मुंबईच हवी असा आग्रह धरून जवळची शासकीय जागा सोडणे, हा विवेक नव्हे. शिवाय २०१८ पासून नागपुरात एम्स आहे.

वाणिज्य हा आपल्या समाजाचा जिव्हाळ्याचा विषय. मुंबईचे सिडनहॅम (१९१३) व पोद्दार (१९४१), पुण्याचे बृहन्महाराष्ट्र (१९४३), नागपूरचे जी. एस. (१९४५) ही नावे सर्वश्रुत आहेत. मात्र ज्याला सनदी लेखापाल व्हायचे आहे, त्याची प्रश्नपत्रिका देशभर एकच असते. त्याने भंडाऱ्याच्या जे. एम. पटेल महाविद्यालयातून पदवी घेतली म्हणून त्याचे काही अडत नाही. त्याचा खरा कस आर्टिकलशिपच्या दोन वर्षांत लागतो. ती मात्र शक्य तर मोठ्या शहरात, विविध उद्योगांची हिशेबतपासणी करणाऱ्या पेढीत करावी. उलट अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रात खोलवर जायचे असेल, तर पुण्याची गोखले संस्था (१९३०) वा मुंबईची टाटा संस्था (१९३६) गाठावी. तेथील ग्रंथालय व सहाध्यायी यांना पर्याय नाही. थोडक्यात, जेथे परीक्षा समान आहे तेथे अंतर वाचवावे. जेथे सहवास हेच शिक्षण आहे तेथे अंतर सोसावे.

यानंतर खर्चाचा हिशेब. पालक शुल्क पाहतात. परंतु खोलीभाडे, भोजन आणि प्रवास धरून तीन-चार वर्षांची बेरीज क्वचितच करतात. ती कागदावर मांडावी. केंद्र शासनाने जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय अल्पसंख्याक दर्जा दिला. जैन अल्पसंख्याक संस्थांत आपल्या विद्यार्थ्यांसाठी जागा राखीव असतात. परंतु त्यासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'जैन' ही नोंद स्पष्ट असावी लागते. ती आजच घरी जाऊन तपासावी. जून महिन्यात धावपळ करून काही हाती लागत नाही.

भोजनाचा प्रश्न गौण मानू नये. सूर्यास्तापूर्वी जेवण आणि कंदमूळ वर्ज्य, या कारणास्तव कित्येक घरांत लांबच्या शहराचा विषयच निघत नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपल्याच समाजातील प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि त्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. टोल ऐकून राजाबाईंना सूर्यास्तापूर्वी जेवणाची वेळ कळावी, हा हेतू होता, असे सांगतात. आचार आणि विद्या यांच्यात वैर नाही, हेच ती कथा सांगते. वैर नसावे म्हणून आपल्या पूर्वजांनी वसतिगृहे बांधली. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय उभे राहिले. जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवून वसतिगृहात शिकवले. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय वालचंद हिराचंदांच्या नावाने आजही चालते. राहण्या-जेवण्याची सोय झाली की गरिबाचे मूलही दूरच्या शाळेत टिकते, हे या मंडळींनी ओळखले होते.

येथे थोडे स्पष्ट बोलतो, वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. आपल्या घरांत मुलगा असला की पुण्या-मुंबईची तुलना होते. मुलगी असली की तुलना भंडाऱ्यातच संपते. तिचे गुण अधिक असले तरीही. आपण प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांनी कन्या ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या दिली, असे अभिमानाने सांगतो. महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ १९१६ मध्ये काढले. राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. शुल्काची अडचण अनेक घरांपुरती दूर झाली. उरली आहे ती राहण्याची सोय आणि आपल्या मनाची तयारी.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निधीसंबंधी विश्वस्तांपुढे माझी नम्र विनंती आहे. भवनाचा विस्तार अवश्य व्हावा. परंतु संकलित निधीतील निश्चित वाटा शिक्षणासाठी वेगळा काढावा. त्यातून बिनव्याजी, परतफेडीची शिष्यवृत्ती द्यावी; म्हणजे आजचा घेणारा उद्याचा देणारा होईल आणि निधी आटणार नाही. निम्मी रक्कम मुलींसाठी राखावी. नागपूर, पुणे व मुंबई येथील जैन वसतिगृहांशी पत्रव्यवहार करून जागांची, भोजनव्यवस्थेची व अर्जाच्या तारखांची यादी दरवर्षी एप्रिलपूर्वी मंदिराच्या फलकावर लावावी. आणि बाहेर शिकून आलेल्या आपल्या मुलामुलींनी चातुर्मासात एक रविवार नव्या विद्यार्थ्यांना द्यावा. कोणत्या महाविद्यालयाचा पोत कसा आहे, हे त्यांच्याइतके कोणीच सांगू शकणार नाही.

शास्त्रांत ज्ञानदान हे श्रेष्ठ दानांत गणले आहे. पन्नास वर्षे आपण देवद्रव्याचा एकेक पैसा जपला. तीच दक्षता आता गुणी मुलामुलींसाठी दाखवावी, एवढीच विनंती करतो.

जय जिनेंद्र.