बंदरातली लाट

‘त्सुनामी’ या जपानी शब्दाचा अर्थ बंदरातली लाट. खोल समुद्रात गेलेल्या जपानी कोळ्यांना काहीच जाणवत नसे. परत येऊन पाहावे तर बंदर उद्ध्वस्त झालेले.

वसईच्या पाचूबंदरावर, अर्नाळ्याला लोक विचारतात, ही लाट आपल्याकडे येईल का? तर ती येऊन गेली आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास मकरानच्या, म्हणजे आजच्या पाकिस्तानच्या, किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. मुंबईत पाणी चढले सकाळी सव्वाआठच्या सुमारास. लाट सुमारे दोन मीटरची होती. नांगरलेल्या होड्या सुटल्या, माणसे वाहून गेली.

एवढा वेळ का लागला? वाऱ्याची लाट वरवरची असते. समुद्रतळ उचलला गेला, की तळापासूनचे सगळे पाणी हलते, आणि त्या लाटेचा वेग खोलीवर ठरतो. तीन हजार मीटर खोलीवर ताशी सहाशे किलोमीटर! पण आपला समुद्र फार दूरपर्यंत उथळ. बॉम्बे हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर, तरी तिथे पाणी जेमतेम ७५ मीटर. तिथे लाट ताशी शंभराच्या आत येते. म्हणजे आपली विरार फास्टच म्हणा. पुढे आणखी मंदावते, मागचे पाणी पुढच्यावर चढते आणि उंची वाढते.

या उथळपणामुळे मकरानकडून येणाऱ्या लाटेपूर्वी आपल्याला काही तास मिळतात. हैदराबादचे इशारा केंद्र २००७ पासून काम करते आहे. पण हाच उथळपणा कोळ्यांना अडचणीचा. होडी खोल पाण्यात न्यावी, हा जपानी उपाय इथे कसा चालणार? शंभर मीटर खोली गाठायलाच दहा-बारा तास लागतील. होडी बांधून ठेवून पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जावे, हे बरे.

आणखी एक गोष्ट भरतीची. ओहोटीला दोन मीटरचे पाणी आपल्या किनाऱ्यावर सहज जिरेल. उधाणाच्या ऐन भरतीला तेच पाणी वसईच्या आणि वैतरणेच्या खाडीतून आत शिरेल. शिवाय लाट एकच नसते. पाणी ओसरले की माणूस होडी पाहायला धावतो, ते स्वाभाविकच. १९४५ साली कराचीत पहाटेपासून लाटा येत होत्या. सर्वांत मोठी आली ती सकाळी आठनंतर.