लोखंडाची साक्ष



भिलाईत राहणाऱ्या माणसाला लोखंडाची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहरा येथील डोंगरांतले तांबडे खनिज वाघिणींत भरून येथे येते, आणि सबंध गावाचा योगक्षेम त्यावर चालतो. पण त्या डोंगरांत तरी हे लोखंड आले कोठून? या प्रश्नाचा धागा धरून गेलो, तर आपण थेट आकाशगंगेच्या इतिहासापाशी पोहोचतो.

इतिहास म्हटला की पुरावा हवा. शिलालेख, ताम्रपट, दप्तरातील कागद यांवरून आपण राजवटींचे काळ ठरवितो. आकाशगंगेचे दप्तर कोणी ठेवले असेल? ते ताऱ्यांनीच ठेवले आहे. मोठे तारे आपले इंधन उधळेपणाने जाळतात आणि अल्पायुषी ठरतात. सूर्याहून लहान तारे मात्र काटकसरी असतात. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. त्याच्या बालपणी जन्मलेले असे काही तारे आजही तेवत आहेत. आपला सूर्य अवघा ४६० कोटी वर्षांचा. त्यांच्यापुढे तो तरुणच म्हणायचा.

आकाशगंगेत किमान दहा हजार कोटी तारे आहेत. त्यांतून हे वृद्ध ओळखावयाचे कसे? येथे लोखंड साक्षीला येते. आरंभी विश्वात हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम एवढीच संपत्ती होती. लोखंडाचा कणही नव्हता. पुढे प्रचंड ताऱ्यांच्या गाभ्यांत हलक्या मूलद्रव्यांपासून जड मूलद्रव्ये घडत गेली. ही घडण लोखंडापाशी येऊन थांबते, कारण लोखंडाच्या संयोगातून ऊर्जा मिळत नाही. मग गाभा कोसळतो, ताऱ्याचा स्फोट होतो, आणि आत शिजलेली द्रव्ये अवकाशात विखुरतात. काही खुजे पांढरे तारेही असेच फुटतात आणि लोखंडाची मोठी भर घालतात. पुढची पिढी त्या मिश्रणातून जन्मते. मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल या चौघांनी १९५७ साली ही उपपत्ती सविस्तर मांडली. हॉइल हे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू. या उपपत्तीवरून एक ढोबळ नियम निघतो : ज्या ताऱ्यात लोखंड अत्यल्प, तो बहुधा अतिप्राचीन.

इतक्या दूरच्या ताऱ्यातील लोखंड मोजतात ते त्याच्या प्रकाशावरून. तो लोलकासारख्या साधनातून पसरला की वर्णपटात काळ्या रेषा दिसतात; प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. त्यांच्या गडदपणावर तापमानाचाही परिणाम होतो. तो हिशेब कसा करावा, हे मेघनाद साहांनी १९२० साली आपल्या समीकरणाने दाखविले. २००२ साली एका ताऱ्याची अशी तपासणी जाहीर झाली. सूर्याजवळ लोखंडाचे दोन लक्ष रुपये आहेत असे मानले, तर त्या ताऱ्याच्या गाठीला जेमतेम एक रुपया निघाला.

लोखंडावरून वयाचा अंदाज येतो. कुळाचा सुगावा गतीवरून लागतो. युरोपीय अंतराळ संस्थेच्या ‘गाया’ या यानाने जानेवारी २०२५ पर्यंत शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची स्थाने आणि गती टिपल्या. त्या नोंदींवरून २०१८ साली असे दिसून आले की, सुमारे एक हजार कोटी वर्षांपूर्वी एक लहान दीर्घिका आपल्या आकाशगंगेत विलीन झाली. तिचे तारे अजून आपल्या जुन्या वळणाने, लांबोड्या कक्षांत फिरत आहेत. २०२४ साली ख्याती मल्हान आणि हान्स-वाल्टर रिक्स यांनी लोहदरिद्री ताऱ्यांचे दोन समुदाय वेगळे काढले आणि त्यांना ‘शिव’ आणि ‘शक्ती’ अशी नावे दिली. त्यांतील तारे बाराशे ते तेराशे कोटी वर्षांचे आहेत. आकाशगंगा ज्यांतून सांधली गेली असे हे आद्य तुकडे असावेत, असा त्यांचा तर्क आहे. त्याची पारख अद्याप चालू आहे.

मात्र एक खंत सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या गच्चीवरून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. गावाचे दिवे आणि कारखान्याची तांबूस प्रभा यांत तो बुडून जातो. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. काळोखही जतन करावा लागतो, हे तेथे ओळखले गेले. आपल्या मुलांना एखादी रात्र तरी अशा ठिकाणी न्यावे. झोतभट्टीतून वाहणारा लोखंडाचा रस त्यांनी पाहिला असेल. ज्या भट्ट्यांत ते लोखंड प्रथम घडले त्यांचे वंशजही त्यांनी पाहावेत. नाहीतर लोखंडाच्या गावात वाढूनही लोखंडाची अर्धीच कहाणी त्यांच्या कानी पडेल.