चुकीच्या उत्तराचा धनी कोण?

(छत्रपती संभाजीनगर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



चॅटबॉट नावाच्या नव्या यंत्राची आरती ओवाळणारे पुष्कळ आहेत आणि त्याच्या नावाने बोटे मोडणारेही कमी नाहीत. आपल्याला दोन्ही पंगतींत बसायचे नाही. यंत्राला आपला विरोध कधीच नव्हता. प्रश्न एवढाच की, हे यंत्र चुकीचे उत्तर देते तेव्हा त्या चुकीचा भुर्दंड कोणाच्या माथी बसतो?

पीकविम्याचे उदाहरण घ्या. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि शेतकऱ्याच्या वाट्याचा हप्ता पुन्हा लागू झाला: खरिपाच्या धान्य व गळिताच्या पिकांना विमासंरक्षित रकमेच्या २ टक्के, कापसासारख्या नगदी पिकांना कमाल ५ टक्के. त्या जुलैत मुदत संपत आली असता पैठण तालुक्यातील माझ्या परिचयाच्या एका कापूसउत्पादकाने मोबाइलवरील चॅटबॉटला हप्ता विचारला. उत्तर आले, फक्त एक रुपया. तेही शुद्ध आणि नम्र मराठीत. चूक दाखवताच यंत्राने क्षमा मागितली व दुसरा आकडा सांगितला. तोही चुकीचा. तिसऱ्यांदा विचारले, तर स्वारी पुन्हा एक रुपयावर! कचेरीतला कारकून निदान आपल्या चुकीवर ठाम तरी राहतो.

असे का व्हावे? हे यंत्र स्वतःहून कपाट उघडून शासन निर्णयाचा कागद काढून पाहतेच असे नाही. अफाट मजकुरातून, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, एवढे त्याने आत्मसात केलेले असते. ‘एक रुपया’ आणि ‘पीकविमा’ हे शब्द दोन वर्षे बातम्यांतून व जाहिरातींतून जोडीने नांदले. यंत्राने ती जोडी पुढे केली. सत्य हा त्याचा निकषच नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीच्या संशोधकांनीच असे मांडले की, या यंत्रांच्या परीक्षा बहुधा अशा घेतल्या जातात की ‘ठाऊक नाही’ म्हणणाऱ्याला शून्य मिळते आणि अंदाज ठोकणाऱ्याला गुण मिळण्याची आशा राहते. (आपल्या शाळांना ही रीत अपरिचित नाही.) त्यातून मराठीचा मजकूर इंग्रजीच्या मानाने फारच तोकडा. म्हणजे ज्याच्यापाशी पडताळणीची साधने सर्वांत कमी, त्यालाच हे यंत्र चकवण्याचा संभव अधिक.

शिकलेसवरलेलेही यातून सुटत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक निर्धारण आदेश रद्दबातल केला. सुमारे ३ कोटींचे उत्पन्न दाखवणाऱ्या कंपनीचे उत्पन्न त्यात २७ कोटींहून अधिक ठरवले होते आणि आधारादाखल दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्राने पुढे टाकलेल्या गोष्टींवर पडताळणीवाचून विसंबू नये, असे न्यायालयाने बजावले. त्या कंपनीपाशी वकील होता, न्यायालयाची पायरी चढण्याची ऐपत होती. पैठणच्या शेतकऱ्याने कोणाच्या दारात उभे राहावे?

कॅनडातील एका विमान कंपनीने तर आपला चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा बचाव केला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई देवविली. हा बचाव उद्या आपल्याकडेही ऐकू येईल. कारण हे यंत्र आता सरकारच्या खिडकीत येऊन बसत आहे. पीएम-किसानसाठी केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये चॅटबॉट आणला. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर देण्यासाठी मेटा कंपनीशी करार केला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ५०० कोटींच्या तरतुदीचे धोरण संमत केले.

माहिती घरबसल्या मिळावी, हेलपाटे वाचावेत, यात वावगे काही नाही. परंतु २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकाच्या हाती काही ठोस दिले आहे: अर्जाची पोच, सेवेची मुदत, नकाराची लेखी कारणे, अपिलाचा अधिकार आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांचा दंड. पडद्यावर उमटून नाहीशा होणाऱ्या उत्तराला ना जावक क्रमांक, ना सही. त्याविरुद्ध अपील करायचे तरी कशाच्या आधारे?

म्हणून मागणी नेमकी हवी. शासकीय चॅटबॉटच्या प्रत्येक उत्तराखाली शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक असावा. उत्तराची क्रमांकित नोंद राहावी. ते चुकले तर संबंधित कचेरीची चूक मानली जावी आणि त्यापायी हुकलेली मुदत वाढवून मिळावी. माणूस बसलेली खिडकी तर बंद होताच कामा नये. यंत्र आले म्हणून कारकुनाची जागा रिकामी ठेवण्याचा मोह कोणत्याही सरकारला सुटणारा नाही, याचे भान असू द्या.

नुसत्या तक्रारीने तहसीलदार हलणार नाही, पुरावा लागेल. येत्या खरिपापूर्वी पैठण, गंगापूर, सिल्लोड येथील साथींनी आपापल्या गावी एक नोंदवही घालावी. विचारलेला प्रश्न, दिनांक, यंत्राचे उत्तर आणि शासन निर्णयातील तरतूद, असे चार रकाने पुरेत.